डेसिबल कुणाचे, यंत्राचे की जागेचे? ध्वनिशक्ती पातळीचा हिशेब, पहिल्यापासून

दोन ब्लोअरची माहितीपत्रकं माझ्यासमोर होती. एकावर आवाज ८८ डेसिबल, दुसऱ्यावर ७८. कामात मी नवा होतो. ७८वाला निवडला आणि दहा डेसिबलनं शांत यंत्र मिळवलं म्हणून स्वतःची पाठही थोपटून घेतली. यंत्र बसलं, सुरू झालं, आणि बाजूला उभ्या सहकाऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची वेळ आली. पत्रक पुन्हा काढलं. ७८ च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत होतं, ‘३ मीटरवर’. ८८ च्या आधी मात्र एल हे अक्षर होतं आणि त्याच्या पायाशी बारीक डब्ल्यू. त्या डब्ल्यूकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. आकडे दोन वेगळ्या गोष्टींचे होते आणि दोन्हींपुढे शब्द एकच होता, डेसिबल. हा लेख त्या डब्ल्यूबद्दल आहे. लॉगचं बटण असलेला कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, बाकी काही लागणार नाही.

नळ वेगळा, टाकीतलं पाणी वेगळं

यंत्र दर सेकंदाला जेवढी ऊर्जा आवाजाच्या रूपात हवेत सोडतं, ती त्याची ध्वनिशक्ती, म्हणजे साउंड पॉवर. ती वॅटमध्ये मोजतात. त्या आवाजामुळे कानाच्या पडद्यापाशी किंवा मायक्रोफोनपाशी हवेचा दाब किंचित कमीजास्त होत राहतो, तो ध्वनिदाब, म्हणजे साउंड प्रेशर. तो पास्कलमध्ये.

नळातून मिनिटाला किती लिटर पाणी पडतं हे नळावर अवलंबून. त्यानं टाकी कुठवर भरेल हे मात्र टाकी केवढी आणि तिला भोकं किती यावर. ध्वनिशक्ती म्हणजे नळाची धार. ध्वनिदाब म्हणजे तुम्ही जिथे काठी बुडवून पाहिलीत तिथली पाण्याची उंची. ब्लोअर मैदानात ठेवा नाहीतर फरशीच्या बंद खोलीत, त्याची शक्ती जवळजवळ तीच राहते. दाब मात्र जागेगणिक, पावलागणिक बदलतो. टाकीच्या भोकांची गोष्ट लक्षात असू द्या, ती पुढे परत लागणार आहे.

म्हणून आकडा हातात आला की पहिली पायरी ही: तो कशाचा आहे ते ओळखा. दाबाचा असेल तर ‘किती अंतरावर आणि कशा जागेत’ हे सोबत हवंच. नसेल तर त्या आकड्यावर वेळ घालवू नका, विकणाऱ्याला परत विचारा. शक्तीच्या आकड्याला अंतर लागत नाही. एल-डब्ल्यू, एल-डब्ल्यू-ए किंवा ‘१ पिकोवॅटच्या तुलनेत’ असं दिसलं की आकडा शक्तीचा. एल-पी किंवा ‘२० मायक्रोपास्कलच्या तुलनेत’ असेल तर दाबाचा.

युरोपातल्या वॉशिंग मशीनच्या ऊर्जालेबलवर जो डेसिबलचा आकडा असतो तो शक्तीचा आहे, आणि तोही कपडे पिळतानाचा. दोन पावलांवर उभ्या माणसाच्या कानावर त्याहून कमी आवाज येतो. संगणक आणि प्रिंटरवाल्यांनी हा घोळ टाळायला साधी युक्ती काढली होती: अनेक वर्षं ते शक्ती बेलमध्ये (एक बेल म्हणजे दहा डेसिबल) छापायचे आणि दाब डेसिबलमध्ये. ‘४.८ बेल’ हा कानावरचा आवाज आहे असं कुणाला वाटायची सोयच नव्हती. ब्लोअरवाल्यांनी हेच केलं असतं तर माझी फजिती टळली असती.

वॅटचे डेसिबल

बेल हे माप टेलिफोनच्या तारांतून आलं. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या इंजिनिअरांना तारेत सिग्नल किती गळतो ते सांगायचं होतं, आणि त्या मापाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचं नाव मिळालं. दोन शक्तींच्या गुणोत्तराचा लॉग म्हणजे बेल, त्याचा दहावा भाग डेसिबल. म्हणजे डेसिबल कधी एकटा नसतो, कशाच्या तरी तुलनेत असतो. ध्वनिशक्तीसाठी ती तुलना १ पिकोवॅटशी करतात. एका वॅटचे लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे पिकोवॅट.

शक्ती पातळी = १० × लॉग (ध्वनिशक्ती ÷ १ पिकोवॅट)

इथे लॉग म्हणजे दहाच्या पायाचा. कॅल्क्युलेटरवर ‘एलएन’ असंही बटण असतं, ते दाबू नका. दशांशचिन्हापुढची शून्यं मोजताना हमखास एखादं निसटतं, म्हणून मी हेच सूत्र असं लिहून ठेवलंय:

शक्ती पातळी = १२० + १० × लॉग (ध्वनिशक्ती वॅटमध्ये)

एक वॅटचा लॉग शून्य, म्हणून १ वॅट म्हणजे १२० डेसिबल. ०.००५ वॅटचा लॉग उणे २.३, दहानं गुणून उणे २३, १२० मधून २३ गेले, ९७ डेसिबल. उलटं जायचं तर पातळीतून १२० वजा करा, दहानं भागा, आणि १० ला त्या आकड्याचा घात द्या. ९० डेसिबल? उणे ३० भागिले १०, उणे ३, म्हणजे ०.००१ वॅट.

लॉगचं बटण न दाबताही बरंच काम होतं. दुप्पट म्हणजे ३ डेसिबल, तिप्पट म्हणजे जवळजवळ ५, पाचपट म्हणजे ७, दहापट म्हणजे १०. हे चार आकडे पाठ असले की गुणाकाराच्या जागी बेरीज करत जायचं. वीसपट? दुप्पटीचे ३ आणि दहापटीचे १०, झाले १३.

लॉगची कटकट मुळात कशासाठी, हे एकदा पाहून घ्या. कुजबुजीची शक्ती असते वॅटच्या साधारण अब्जाव्या भागाएवढी, म्हणजे ३० डेसिबल. साधं बोलणं १० मायक्रोवॅटच्या आसपास, ७० डेसिबल. चंद्रावर माणसं पाठवणाऱ्या सॅटर्न-५ अग्निबाणाची उड्डाणाच्या वेळची ध्वनिशक्ती सुमारे दहा कोटी वॅट, म्हणजे २०० डेसिबल. कुजबूज आणि अग्निबाण यांच्यातलं अंतर एकावर सतरा शून्यं एवढं आहे. वॅटमध्ये लिहायचं तर कागद आडवा धरावा लागेल. डेसिबलमध्ये ते ३० ते २०० मध्ये मावतं.

नवशिक्यांच्या दोन चुका इथेच होतात. पहिली, मोटरच्या पाटीवरचे वॅट सूत्रात घालणं. १,५०० वॅटची मोटर सूत्रात घातली तर उत्तर येतं जवळपास १५२ डेसिबल, जे कुठल्याच घरगुती किंवा कारखान्यातल्या पंख्याचं नसतं. मोटर विजेचे वॅट खाते. त्यातला अगदी नगण्य अंश आवाज होऊन बाहेर पडतो. केवढा नगण्य, ते खाली मोजूनच बघू. दुसरी चूक १० आणि २० ची. शक्तीच्या सूत्रात लॉगला १० नं गुणतात, दाबाच्या सूत्रात २० नं. शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि वर्ग लॉगमधून बाहेर पडताना दोन होऊन बाहेर पडतो, एवढंच त्याचं कारण.

जाता जाता एक सावधगिरी. जुन्या अमेरिकी पुस्तकांत तुलनेसाठी पिकोवॅटच्या दहाव्या भागाएवढी शक्ती घेतलेली सापडते. तिथला १०० म्हणजे आपला ९०.

डेसिबलची बेरीज डेसिबलमध्ये होत नाही

८८ डेसिबलची दोन यंत्रं शेजारी ठेवली तर १७६ होत नाहीत, ९१ होतात. शक्ती दुप्पट झाली, दुप्पटीचे ३. वेगवेगळ्या पातळ्या असतील तर दोन्हींचे वॅट करा, वॅट मिळवा, परत डेसिबल करा. ८८ म्हणजे ०.०००६३ वॅट, ८२ म्हणजे ०.०००१६ वॅट, बेरीज ०.०००७९ वॅट, म्हणजे ८९ डेसिबल.

हिशेब उभ्या उभ्या करायचा असेल तर दोघांतला फरक पाहा. फरक शून्य किंवा एक असेल तर मोठ्या आकड्यात ३ मिळवा. दोन-तीनचा असेल तर २. चार ते नऊचा असेल तर १. दहा किंवा जास्त असेल तर लहान आकडा सोडून द्या. यात अर्ध्याएक डेसिबलची चूक राहते, पण जागेवर निर्णय घ्यायला पुरते.

याचा व्यवहारातला अर्थ अनेकांना पटतच नाही. समजा एका शेडमध्ये ८० डेसिबलचे तीन पंखे आणि ९२ डेसिबलचा एक पंप आहे. सगळे मिळून ९२.८. तिन्ही पंखे भंगारात काढले तरी ९२ उरतात. आधी पंप. पंखे स्वस्तात बदलता येतात म्हणून लोक पंख्यांपासून सुरुवात करतात आणि मग ‘काही फरकच पडला नाही’ म्हणून मीटरला दोष देतात.

शक्तीवरून कानावरचा आवाज

मोकळ्यावर ठेवलेल्या यंत्राभोवती एक मोठा फुगा आहे अशी कल्पना करा. यंत्राची सगळी ध्वनिशक्ती त्या फुग्याच्या पृष्ठभागातून बाहेर जाते. फुगा मोठा, तर तीच शक्ती जास्त चौरस मीटरवर पसरून पातळ होते.

दाब पातळी = शक्ती पातळी − १० × लॉग (पृष्ठभाग चौरस मीटरमध्ये)

या सूत्रात एक खुबी दडलेली आहे. पृष्ठभाग बरोबर १ चौरस मीटर असेल तर लॉग शून्य, आणि दोन्ही आकडे एकच. १ पिकोवॅट आणि २० मायक्रोपास्कल या दोन तुलना एकमेकींशी जुळणाऱ्याच आहेत. जमिनीवर ठेवलेल्या छोट्या यंत्राभोवतीचा अर्धा फुगा १ चौरस मीटरचा व्हायला त्रिज्या लागते सुमारे ४० सेंटिमीटर. म्हणजे शक्तीचा आकडा हा तुम्ही यंत्राला जवळजवळ चिकटून उभे असताना ऐकाल तेवढा आवाज, असं ढोबळमानानं मनात धरायला हरकत नाही. त्याहून लांब गेलात की, मोकळ्यावर तरी, दाब पातळी कमीच भरते.

यंत्र हवेत टांगलेलं असेल तर पूर्ण गोल, जमिनीवर असेल तर अर्धा. अंतर मीटरमध्ये धरून, आकडे घालून सूत्रं अशी होतात:

टांगलेलं: दाब = शक्ती − २० × लॉग (अंतर) − ११
जमिनीवर: दाब = शक्ती − २० × लॉग (अंतर) − ८

भिंतीला टेकवलं तर ८ च्या जागी ५, कोपऱ्यात सारलं तर २. अडगळ नको म्हणून यंत्र कोपऱ्यात ढकलणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा नीट पाहावा. अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल जातात, हे याच सूत्रातून निघतं.

आता माझी दोन पत्रकं पुन्हा काढू. ७८ डेसिबल, ३ मीटरवर, यंत्र जमिनीवर. ३ चा लॉग घेऊन २० नं गुणला की ९.५. म्हणजे शक्ती पातळी ७८ अधिक ९.५ अधिक ८, एकूण ९५.५. दुसऱ्याची ८८. ज्याला मी दहानं शांत समजलो होतो तो साडेसात डेसिबलनं जास्त ओरडत होता, शक्तीच्या भाषेत साडेपाच पटींहून जास्त. दोन मिनिटांचा हिशेब होता.

एक मर्यादा मात्र पाळा. यंत्राच्या अगदी जवळ हे सूत्र फसतं, कारण तिथे यंत्र एका बिंदूसारखं वागत नाही. एका बाजूला पट्टा खडखडतो, दुसरीकडे हवा फुसफुसते. यंत्राच्या मोठ्या मापाच्या किमान दुप्पट अंतर ठेवूनच ते वापरा.

आता प्रत्यक्ष मोजू

ध्वनिशक्ती थेट मोजणारं मीटर नसतं. मीटर दाब मोजतं. यंत्राभोवती फिरून मोजलेल्या दाबांवरून शक्ती काढायची. वरचंच सूत्र उलटं. यासाठीची सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत आयएसओ ३७४४ या मानकात आहे; प्रतिध्वनीविरहित खोलीसाठी ३७४५, घुमणाऱ्या खोलीसाठी ३७४१ आणि कामचलाऊ पाहणीसाठी ३७४६ अशी तिची भावंडं आहेत.

शेवटी ८८वाला ब्लोअर आणला तेव्हा तो चारही बाजूंनी मोकळ्या, फरसबंद अंगणात मधोमध ठेवला. २ मीटर त्रिज्येचा अर्धा गोल मनात धरला. त्याचा पृष्ठभाग २ गुणिले ३.१४ गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे २५.१ चौरस मीटर, आणि त्याच्या लॉगची दहापट बरोबर १४.०. मीटरला आधी कॅलिब्रेटर लावला. १,००० हर्ट्झला १ पास्कलचा दाब देणारं हे छोटं डबडं लावलं की मीटरनं ९४ डेसिबल दाखवायला हवेत. मीटरनं ९४ नाही दाखवले तर तिथंच थांबायचं. फोनमधल्या ॲपला असलं कॅलिब्रेटर नीट लावता येत नाही, आणि फोन आपल्या मर्जीनं आवाज वरखाली करून घेतो. ॲपवर यंत्राचा आवाज आधी मोठा होता की नंतर, एवढं कळेल. शक्ती काढायला ते वापरू नका.

मीटर तिकाटण्यावर, मायक्रोफोनवर स्पंजची टोपी, आणि मी स्वतः बाजूला, कारण माणसाचं अंगही आवाज परतवतं. प्रत्येक जागी अर्धा मिनिट सरासरी घेतली. मानकाप्रमाणे अर्ध्या गोलावर दहा जागा लागतात, काही खाली, काही डोक्याच्या वर. हिशेब समजण्यापुरत्या इथे पाचच देतो: ७१, ७२, ७०, ७४ आणि ७८.

यांची साधी सरासरी ७३ येते, आणि ती चूक आहे. सरासरीही वॅटसारखीच काढावी लागते: प्रत्येक आकडा दहानं भागून १० ला त्याचा घात द्या, पाचांची बेरीज करा, पाचनं भागा, लॉग घेऊन दहानं गुणा. उत्तर येतं ७४.०४. तो एकटा ७८ बाकीच्यांना वर खेचतो, आणि खेचायलाच हवा, कारण सर्वात जास्त शक्ती त्या बाजूनं बाहेर पडते आहे. ती बाजू ब्लोअरच्या हवेच्या तोंडाची होती.

मग ब्लोअर बंद करून त्याच जागी पुन्हा मोजलं. आजूबाजूचा आवाज भरला ६४. म्हणजे मघाच्या ७४ मध्ये थोडा वाटा रस्त्याचा आणि पाखरांचा होता. फरक १५ हून जास्त असेल तर दुर्लक्ष करा. १० असेल तर अर्धा डेसिबल कमी करा. ६ असेल तर सव्वा. ६ हूनही कमी असेल तर घरी जा आणि शांत वेळी परत या. इथे फरक १० चा, म्हणून ०.४६ वजा केले. राहिले ७३.६.

मोकळं अंगण होतं म्हणून भिंतींची दुरुस्ती शून्य धरली. हेच मोजमाप शेडमध्ये केलं असतं तर भिंतींवरून परतलेला आवाजही मीटरमध्ये शिरला असता, आणि तो वजा करावा लागला असता: १० × लॉग (१ + ४ गुणिले पृष्ठभाग भागिले शेडचं शोषणक्षेत्र). शोषणक्षेत्र म्हणजे जागा आवाज किती गिळते त्याचं माप, ते पुढे येईलच. ते १०० चौरस मीटर असतं तर दुरुस्ती जवळजवळ ३ डेसिबलची. मानक चारपर्यंत चालवून घेतं. त्यापुढे जागा बदला.

शेवटची ओळ: ७३.६ अधिक १४.० बरोबर ८७.६ डेसिबल. ही त्या ब्लोअरची ध्वनिशक्ती पातळी. वॅटमध्ये केली तर ०.०००५७. एवढा वेळ कानाला नकोसा करणारा आवाज अर्ध्या मिलिवॅटच्या जरासाच वर होता.

तोंड फिरवलं तर

१६ मीटरवर एक खिडकी होती. सूत्रानं तिथे किती? १६ च्या लॉगची वीसपट २४.१, ८७.६ मधून २४.१ आणि ८ गेले, ५५.५ उरले. पण हा सगळ्या दिशांचा सरासरी हिशेब झाला. ब्लोअरचं तोंड खिडकीकडे असेल तर २ मीटरवरचा तिकडचा आकडा, आजूबाजूचा आवाज वजा करून, ७७.८ आहे, २ वरून १६ मीटर म्हणजे अंतर तीनदा दुप्पट, १८ डेसिबल गेले, ५९.८ उरले. ७० वाली पाठ खिडकीकडे केली तर तसाच हिशेब करून ५०.७. नुसतं यंत्र फिरवून खिडकीवर नऊ डेसिबलचा फरक. शक्ती मात्र दोन्ही वेळा ८७.६ च. पत्रकावरचा आकडा कुठे तोंड करायचं ते सांगत नाही, ते तुम्हालाच फिरून शोधावं लागतं. आम्ही ब्लोअर फिरवला. आवाजरोधक पेटीचा विषय त्यानंतर निघाला नाही.

खोलीत आणलं की

आता टाकीची भोकं. खोलीत आवाज भिंतींवरून परत परत येतो आणि साठत जातो, नळ चालू असलेल्या टाकीसारखा. पातळी कुठे थांबते? जेवढं पडतं तेवढंच भोकांतून जाऊ लागतं तिथे. खोलीतलं कापड, गाद्या, पडदे, छिद्रांचे पॅनेल, उघडी खिडकी, ही ती भोकं. त्या सगळ्यांचं मिळून जे शोषणक्षेत्र होतं ते चौरस मीटरमध्ये सांगतात. १ चौरस मीटरची उघडी खिडकी म्हणजे १ चौरस मीटर.

हे काढायची वाट हार्वर्डच्या वॉलेस सेबाईन यांनी दाखवली. १८९५ मध्ये त्यांच्याकडे एक घुमणारा व्याख्यानकक्ष सुधारायचं काम आलं. रात्रीच्या शांततेत ऑर्गनची नळी वाजवायची, थांबवायची, आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. मग बाकांवरच्या गाद्या आणून टाकायच्या आणि परत मोजायचं. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: आवाज ६० डेसिबलनं विरायला लागणारे सेकंद = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ शोषणक्षेत्र.

समजा ६ × ५ × ३ मीटरच्या खोलीत हा वेळ ०.७२ सेकंद आला. घनफळ ९०, म्हणून शोषणक्षेत्र सुमारे २० चौरस मीटर. मग खोलीतला आवाज असा काढतात:

दाब = शक्ती + १० × लॉग (२ ÷ (१२.५७ × अंतराचा वर्ग) + ४ ÷ शोषणक्षेत्र)

त्यातलं २ हे यंत्र जमिनीवर आहे म्हणून. लॉगच्या कंसातला पहिला तुकडा यंत्राकडून थेट येणारा आवाज, दुसरा भिंतींवरून साठलेला. आपला ८७.६ चा ब्लोअर या खोलीत ठेवला तर २ मीटरवर ८१.४ आणि ५ मीटरवर ८०.७. तीन मीटर मागे सरून मिळालं काय, तर पाऊण डेसिबलही नाही. अंगणात ५ मीटरवर हाच ब्लोअर ६५.६ देतो. घुमणाऱ्या खोलीत ‘जरा लांब बस’ या सल्ल्याला काही अर्थ नसतो. शोषणक्षेत्र दुप्पट, ४० केलं तर ५ मीटरवर ७७.९, म्हणजे जवळजवळ ३ डेसिबलची सुटका. आणखी ३ हवे असतील तर ते परत दुप्पट, ८०. खोलीला अस्तर लावून पहिले तीन स्वस्तात मिळतात. पुढचे महाग पडत जातात, म्हणून अस्तराच्या आधी यंत्राकडे बघावं असं माझं मत आहे.

मागे चिकटलेलं ए

कान घोगऱ्या, म्हणजे कमी हर्ट्झच्या आवाजाला कमी दाद देतो. म्हणून मीटर आवाजाचे हर्ट्झप्रमाणे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यातून ठरलेले डेसिबल वजा करतं: १२५ हर्ट्झला १६.१, २५० ला ८.६, ५०० ला ३.२, १,००० ला काही नाही, २,००० ला उलट १.२ मिळवतं. याला ए-वेटिंग म्हणतात, आणि एल-डब्ल्यू-ए मधला ए तोच.

एखाद्या यंत्राच्या १२५, ५०० आणि २,००० हर्ट्झच्या पट्ट्यांत ९०, ८५ आणि ७६ डेसिबल असतील तर ए शिवाय बेरीज ९१.३ आणि ए लावून ८३.६. यंत्र तेच, फरक जवळजवळ आठ. तेव्हा एका पत्रकावरचा ए वाला आकडा दुसऱ्यावरच्या ए नसलेल्या आकड्याशी लावू नका. भिंतीपल्याडच्या आवाजासाठी तर पट्ट्यांचे सुटे आकडेच मागून घ्या, कारण भिंत जास्त हर्ट्झचा किणकिणा आवाज अडवते आणि घोगरा जाऊ देते.

दशांशाचा मोह

वर मी ८७.६ लिहिलं ते हिशेब दिसावा म्हणून. आयएसओ ३७४४ च्या पद्धतीनं दोन चांगल्या टीमनी एकच यंत्र वेगवेगळ्या जागी मोजलं तरी त्यांच्या ए-वेटिंगच्या आकड्यांत दीडेक डेसिबलचं विचलन धरलेलंच असतं. म्हणून उत्पादक मोजलेल्या आकड्यात अनिश्चिततेचे दोन-तीन डेसिबल मिळवून छापतात किंवा ते शेजारी वेगळे छापतात. दोन यंत्रांत एका डेसिबलचा फरक दिसला तर फरक नाही असं समजा, आणि किंमत, देखभाल, सुटे भाग यांवर ठरवा. अहवालात मी ८८ लिहिलं. पत्रकावरही तेच होतं.